उजव्या बाजूचा रंग

या मंडळी, पुढं सरका. खांबाला टेकलेले, तुम्हीसुद्धा या. पायाला मुंग्या आल्या तर मांडी बदला, पण जागा सोडू नका. आज सांगते ती गोष्ट देवासच्या भाऊंची आणि एका रंगाची आहे. हसू आलं तर हसा. नारदाच्या गादीपुढं हसायला बंदी नाही, जांभईला आहे.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी आपल्या मराठी समाजाचं सभागृह आहे. दर वैशाखात तिथं धारच्या विनोदिनीबाईंचं कीर्तन होतं. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, चण चिमणीएवढी, आणि आवाज असा की पंखे बंद केले नाहीत तरी शेवटच्या रांगेला ऐकू जातो. त्यांच्या कीर्तनाची एक खूण होती. सभागृहात मधोमध हातभर वाट सोडायची. गादीच्या डाव्या हाताला बायका, उजव्या हाताला पुरुष. हे काही सोवळं नव्हे. त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेला एक गजर होता, तो दोन बाजूंनीच म्हणायचा. पुरुष विचारणार, "कुणाच्या अंगणी उभा हरी?" आणि बायका उत्तर देणार, "हाक जो मारी त्याच्या घरी!" असा तो झुल्यासारखा इकडून तिकडे चढत जायचा आणि शेवटी सवाल कुठला नि जवाब कुठला हेच कळेनासं व्हायचं. ज्यानं तो ऐकलाय त्याला आणखी काय सांगायचं!

पण मध्ये तीन वर्षं उजवी बाजू ओस पडली होती. तिसऱ्या वैशाखात डावीकडं एकसष्ट बायका आणि उजवीकडं चार पुरुष. त्यातला एक तबल्यावर, एक पेटीवर, तिसरे भाऊ, आणि चौथा बायकोला न्यायला आलेला, स्कूटरची किल्ली बोटात फिरवत बसलेला. बायकांचं उत्तर तयार, पण प्रश्न विचारायला कोणी नाही.

"घरात याच्या उलट असतं," भाऊंच्या पत्नी शशिकलाबाई म्हणाल्या.

निघताना विनोदिनीबाई भाऊंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, एका हातानं किती वर्षं टाळी वाजवू? पुढल्या वर्षी ही बाजू रिकामी दिसली तर पूर्वरंग करीन, आरती घेईन आणि तुमच्या देवासला शेवटचा नमस्कार करीन."

भाऊंनी गादीला हात लावून शब्द दिला. "बाई, उजवी बाजू मी भरतो."

आता शब्द देताना माणसानं स्वतःची कुवत पाहावी. भाऊंनी ती पाहिली आणि त्यांना ती भरपूर वाटली. कारण भाऊ रंगाचे जाणकार. देवासच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी यंत्रांना लावलेला रंग बरोबर आहे की नाही हे तपासलं होतं. त्या कारखान्यात सगळी यंत्रं एकाच करड्या रंगाची असत हा भाग वेगळा. पण करड्यात किती करडं असतं हे भाऊंनाच ठाऊक.

गेल्या वर्षी चैत्र लागताच त्यांनी आदल्या वर्षीचा फलक माळ्यावरून काढला, भिंतीला टेकवला, एक डोळा मिटून पाहिला आणि ओरडले, "सापडलं! अगं, हा गुलाबी आहे!"

"बरं मग?"

"गुलाबी पाहिलं की पुरुष समजतो, हळदीकुंकू आहे. तो येतोच कशाला! दोष कीर्तनाचा नाही, दोष रंगाचा आहे!"

पुढं जे झालं ते या एका वाक्यानं झालं.

भाऊंची नात ऋजुता इंदूरला डिझाइन शिकते. ती सुट्टीत आली होती. तिचं शिक्षण हिंदीत झालेलं, त्यामुळं तिचं मराठी इंदूरच्या बससारखं, मध्येच रस्ता बदलणारं. ती म्हणाली, "आबा, रंग में ना, बाई-पुरुष असं काही नसतं. वो तो लोगों की आँख में असतं. पण आँख में आहे म्हणजे आहेच ना. तुम्ही फलकावर दोघांना बराबर जागा द्या. एक रंग ज्यादा झाला की दुसरा माणूस समजतो, ये मेरे लिए नहीं आहे."

हे बोलणं शहाणपणाचं होतं, म्हणून भाऊंनी ते फक्त अर्धंच ऐकलं.

समाजाचे अध्यक्ष भैयासाहेब. वय शहाऐंशी, पणजोबा संस्थानात कारभारी. त्यांचा सल्ला घेतल्याशिवाय सभागृहातला माठसुद्धा हलत नाही. ते म्हणाले, "भाऊ, आपण मुळातच चुकता आहात. गुलाबी हा पुरुषांचा वर्ण. आमच्या विवाहात आमचा फेटा गुलाबी होता आणि कुटुंबाचं लुगडं निळं. दरबारातले झाडून सारे फेटे गुलाबी. स्त्रियांनी तो आमच्याकडून केव्हा घेतला, याची नोंद आमच्यापाशी नाही."

म्हणजे गुलाबी पुरुषांचा, निळा बायकांचा! भाऊंचं डोकं गरगरलं. पण कारखान्यातला माणूस तो. म्हणाला, वाद नको, चाचणी घेऊ. त्यांनी फ्लेक्सवाल्या फत्तेसिंगकडून लहान लहान नमुने छापून आणले आणि वसाहतीच्या फाटकाशी रोज एक रंग लावायचा बेत केला. शेजारी खुर्ची टाकून, हातात वही घेऊन, कोण थांबून पाहतं त्याची खूण करायची. बाई थांबली की गोल, पुरुष थांबला की उभी रेघ.

पहिल्या दिवशी गुलाबी. तेवीस गोल, दोन रेघा. त्या दोन रेघांपैकी एकानं विचारलं, "भिया, साड़ी की सेल कब तक है?"

दुसऱ्या दिवशी निळा. एकोणीस रेघा आणि गोल एकही नाही. पुरुष थांबत, वाचायला जात, मराठी दिसलं की सोडून देत आणि विचारत, "काय काका, भरती निघाली का?" एकानं तर बोअरिंग किती फुटांपर्यंत करता म्हणून चौकशी केली.

तिसऱ्या दिवशी ऋजुताच्या म्हणण्याप्रमाणं अर्धा गुलाबी, अर्धा निळा. इथं मात्र गोल आणि रेघा बरोबरीनं पडू लागल्या. भाऊंना कीर्तनात हरी भेटावा तसा आनंद झाला. इतक्यात एक नवं जोडपं आलं, फलकाकडं पाहून लाजलं, आणि नवरा हळूच म्हणाला, "काकाजी, डॉक्टरनी कितने बजे बैठेंगी?" दिवसभर लोक प्रसूतिगृह समजून थांबत होते. विनोदिनीबाईंचा फोटो पाहून सगळ्यांना वाटलं, मोठ्या अनुभवी डॉक्टरीण दिसतात.

चौथ्या दिवशी नमुना लागलाच नाही. पहाऱ्याच्या जवानानं घरी येऊन शशिकलाबाईंना अदबीनं सांगितलं, "माताजी, बुरा मत मानना. बाबूजी गेट पे बैठ के आती-जाती लेडीज की गिनती करते हैं, कॉपी में गोल बनाते हैं. तीन जनी शिकायत कर गईं."

बत्तीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय यंत्र दाराबाहेर गेलं नाही, त्या माणसावर ही वेळ! भाऊ दोन दिवस फाटकाकडं फिरकले नाहीत. दूध आणायला मागच्या भिंतीच्या खिंडारातून जात.

"वही जाळू का ठेवू?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"ती शास्त्रीय आहे," भाऊ म्हणाले.

मग त्यांना वाटलं, आपण उगाच भटकलो. देवाच्या कामाला देवाचा रंग. भगवा! त्यात कोण बाई आणि कोण पुरुष? फत्तेसिंगनं दहा फुटी भगवा फलक जुळवला आणि भाऊ अर्ज घेऊन परवानगीच्या खिडकीवर गेले. निवडणुकीचे दिवस, आचारसंहिता लागलेली. खिडकीतल्या बाबूनं नमुना पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"कौन सी पार्टी?"

"पार्टी नहीं जी, कीर्तन."

"रंग तो पार्टी का है."

"मग हिरवा करूं?"

"वो भी किसी का है."

"निळा?"

"वो भी."

"पिवळा तरी?"

"पीला एक निर्दलीय ने ले लिया, कल ही." बाबू मनानं चांगला होता. त्यानं शिक्का उचलून धरला आणि भाऊंना समजावलं, "दादा, मेरी मानो, रंग ही मत लगाओ. सफेद पे काला लिखो, अभी पास करता हूँ."

अर्ज पास झाला. देवासच्या इतिहासात इतक्या झटकन कुठलाच अर्ज पास झाला नसेल, असं भाऊ अजून म्हणतात.

फत्तेसिंगच्या दुकानात गर्दी होती. तो म्हणाला, "भाऊसाब, चिंता मत करो. सफेद-काले की फाइल तो म्हारे पास तैयार पड़ी है, रोज निकलती है. नाम और फोटू बदल दूँगा." त्यानं बदललं. मधोमध अंडाकृती चौकटीत विनोदिनीबाईंचा शांत, हात जोडलेला फोटो. भोवती झेंडूच्या फुलांची किनार. वर, ह.भ.प. विनोदिनीबाई, धार. खाली, रविवार, सायंकाळी पाच, समाजाचं सभागृह, आपली उपस्थिती प्रार्थनीय.

भाऊंनी एक डोळा मिटून पाहिलं. किती दिवसांनी त्यांच्या डोळ्यांना थंड वाटलं. ना बाई, ना पुरुष, ना पक्ष. थोडा करडाच भासत होता. "छाप," ते म्हणाले.

फलक शुक्रवारी लागला. फत्तेसिंगनं पुण्य म्हणून त्याचा फोटो आपल्या सगळ्या ग्रुपांवर टाकला.

रविवारी सकाळी भाऊ आपला कुर्ता घेऊन इस्त्रीला गेले. वसाहतीच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली भवानीबाईंचा ठेला आहे. पूर्वी तो त्यांच्या नवऱ्याचा, रघुजीचा होता. रघुजी पीपलरावां या गावचा, माळवी माणूस, पण पंचवीस वर्षं कीर्तन ऐकून मराठी गजर त्याला आपल्यापेक्षा चोख येई. उजव्या बाजूच्या पहिल्या रांगेत तो बसे आणि पहिला सूर त्याचाच. त्याला जाऊन चार वर्षं होत आली होती. तेव्हापासून ठेल्यावर भवानीबाई.

भाऊ ठेल्याजवळ पोचले आणि थबकले. पांढऱ्या कुर्त्यांचा ढीग भवानीबाईंच्या डोक्याच्या वर गेला होता.

"आओ भाऊसाब, तुम्हारा तैंतीसवाँ," त्या म्हणाल्या. "बत्तीस आ चुके. इतने सफेद कुर्ते तो उनके टाइम में आते थे. बहुत बुरा हुआ बाई का."

"कुठल्या बाईचं?"

"अरे, वो धार वाली. गाती थीं ना. आज उठावना है उनका, पाँच बजे. फोटू नहीं देखा? चौराहे पे लगा है."

मंडळी, माळव्यात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी उठावना असतो. पांढऱ्यावर काळी अक्षरं, फुलांची किनार, मधे फोटो, खाली वेळ आणि जागा. शुक्रवार, शनिवार, रविवार. तिसरा दिवस! फत्तेसिंगकडं रोज निघणारी फाइल कशाची होती, हे भाऊंना तिथं, कडुनिंबाखाली, गरम इस्त्रीच्या वासात उमगलं. फलकावर मराठी होतं खरं, पण मराठी वाचत कोण बसतंय? रंग पाहिला, फोटो पाहिला, हात जोडले, पुढं गेले.

"त्या जिवंत आहेत!" भाऊ ओरडले.

भवानीबाईंनी इस्त्री उभी केली आणि त्यांच्याकडं कणवेनं पाहिलं. "होता है भाऊसाब. पहले-पहले मानने में नहीं आता."

भाऊ घरी धावले. फोन लावला. धारचा फोन वाजून वाजून बंद पडला. कारण बाईंचा नेम असा की कीर्तनाआधी तीन दिवस मौन. आवाज जपायचा, फोनला हात लावायचा नाही. घरात दुसरं कोणी नाही. शनिवारपासून ज्या ज्या माणसानं खातरी करायला फोन केला, त्याला कोणी उचललं नाही, आणि मग खातरी झालीच. खातेगावचे शिष्य जीप करून निघाले होते. उदयनगरहून दोन मास्तर मोटारसायकलवर येत होते.

"अहो, तुम्ही काय केलंत हे!" शशिकलाबाई मटकन बसल्या. "त्या बाई दारात स्वतःचा हार पाहतील."

"मी समजावतो सगळ्यांना."

"तुम्ही नका समजावू. तुम्ही समजावलंत की वाढतं."

पण भाऊ साडेचारलाच सभागृहात पोचले. आणि काय सांगू! उजवी बाजू भरलेली होती. शेवटच्या रांगेपर्यंत. पांढरे, कडक इस्त्रीचे कुर्ते, मांडीला मांडी लावून. डावीकडं तितक्याच बायका. मधली हातभर वाट मात्र आपोआप सुटलेली, कारण उठावन्यालाही तसंच बसतात. लग्नाला पुरुष उशिरा येतो, कीर्तनाला येतच नाही. उठावन्याला मात्र दोघंही येतात, वेळेवर आणि बरोबरीनं. भाऊंनी जन्मभर तपासलेल्या रंगांत इतका समतोल रंग त्यांना भेटला नव्हता. पण आनंद कसा करायचा? गादीवर बाईंचा फोटो होता आणि त्याला खातेगावचा हार.

भाऊ गादीपाशी गेले. "मंडळी, ऐका. विनोदिनीबाई येताहेत!"

"हो भाऊ," पहिल्या रांगेतल्या एकानं त्यांचा हात धरला. "त्या कुठं गेल्यात? त्या इथंच आहेत, आपल्यात."

"तसं नव्हे! खरोखर येताहेत! धारहून बसनं!"

दोघांनी उठून त्यांना खाली बसवलं. एकजण पाठीवरून हात फिरवू लागला, दुसऱ्यानं पाणी दिलं. बायकांच्या बाजूनं कोणी हळूच म्हणालं, "फार जीव होता हो त्यांचा कीर्तनावर."

बरोबर पाच वाजता भैयासाहेब उठले. खिशातून चार पानं काढली. "उपस्थित बंधुभगिनींनो, ज्यांच्या वाणीनं हे सभागृह पावन झालं, तो स्वर आता आपल्याला पुन्हा कधीही…"

"गादीजवळ पाणी ठेवलंय ना?" दारातून आवाज आला.

दारात विनोदिनीबाई. नऊवारी, काखेत पिशवी, हातात चिपळ्या.

मास्तरांपैकी एकजण उभा राहिला आणि पुन्हा बसला. भैयासाहेबांच्या हातातली पानं एकेक करून खाली पडली. मग मागच्या कोपऱ्यातून एक लहान पोर ओरडलं, "अरे, ये तो आ गईं!" आणि सगळ्या सभागृहानं एकदम श्वास सोडला. काही बायका रडू लागल्या, रडता रडता हसू लागल्या. खातेगावच्या शिष्यानं गादीवरचा हार ओढून काढला आणि आता तो कुठं लपवावा हे न कळून स्वतःच्याच गळ्यात घातला.

बाई गादीपर्यंत चालत आल्या. फोटो पाहिला, पांढरे कुर्ते पाहिले, भाऊंकडं पाहिलं. भाऊ डोळे मिटून बसले होते, फाशीच्या दोराची वाट पाहावी तसे.

"भाऊ."

"बाई, रंगाचा घोळ झाला," भाऊ पुटपुटले. "मला तुमची उजवी बाजू भरायची होती."

एव्हाना उजवीकडं चुळबुळ सुरू झाली होती. मयत नाही म्हटल्यावर पुरुष बसतो कशाला? दोघे-तिघे गुडघ्यांवर हात टेकून उठू लागले. इतक्यात चिपळ्या कडाडल्या.

"बसा! मी मेल्यावर तासभर बसायला आला होतात ना? मग माझ्या जिवंतपणी तासभर बसायला काय होतंय?"

सगळे मुकाट बसले. बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी पदर खोचला.

"भाऊंना वाटतं, रंग चुकला म्हणून पुरुष येईनासे झाले. मी मौनात तीन दिवस ते का येईनासे झाले याचाच विचार करत होते. आठवा बघू, पूर्वी तुम्ही यायचात ते कसे? फलक वाचून?"

पेटीवाले हळूच म्हणाले, "नाही बाई. रघुजी आणायचा."

आणि मग एकेकाला आठवू लागलं. कीर्तनाच्या आदल्या दिवशी रघुजी घरोघर जाई, पुरुषाचा पांढरा कुर्ता मागून नेई. दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला तो कडक इस्त्री करून दारात उभा. "साब, कुर्ता तैयार है, कीर्तन तैयार है, बस आप तैयार हो जाओ." आता हातात गरम कुर्ता घेऊन कुठला पुरुष नाही म्हणेल? रंगबिंग काही नव्हतं. कोणीतरी हाक मारत होतं.

"तो गेला साथीतल्या त्या बंदीच्या दिवसांत," बाई म्हणाल्या. "चार माणसं जमायची सोय नव्हती. त्याचा उठावना झाला नाही. त्याच्यासाठी तुम्ही कोणी बसला नाहीत, मीही नाही. आज सगळे पांढऱ्यात आला आहात, त्याच्याच ठेल्यावर इस्त्री करून. तेव्हा आलात तसे उठावना करूनच जाऊ. एक राहिलाय."

डाव्या बाजूला, अगदी दाराशी, भवानीबाई बसल्या होत्या. हातात पदराचं टोक. बायकांनी वाट करून त्यांना पुढं आणलं.

बाईंनी झांज उचलली आणि उजवीकडं पाहिलं. पहिला सूर तिथून यायचा. पण तो सूर रघुजीचा असे. इतरांना मागून म्हणायचीच सवय. उजवी बाजू काठोकाठ भरलेली आणि तरी गप्प. आणि मग भाऊ, ज्यांना आयुष्यात सूर कधी सापडला नाही, ज्यांना शशिकलाबाई आरतीतसुद्धा फक्त ओठ हलवायला सांगत, ते भाऊ उभे राहिले आणि फाटक्या आवाजात त्यांनी विचारलं,

"कुणाच्या अंगणी उभा हरी?"

डावीकडून सगळ्यांच्या आधी उत्तर आलं ते भवानीबाईंचं. मराठी शब्द, माळवी सूर.

"हाक जो मारी त्याच्या घरी!"

मग दोन्ही बाजू उठल्या. झुला चढला. पंखे चालू होते, पण ऐकू येईनासे झाले. तासाभरासाठी आलेली माणसं आठ वाजता आरती घेऊन उठली. भैयासाहेबांनी आपली चार पानं गोळा केली आणि म्हणाले, "असू देत. बाई, आपण आम्हाला पुरून उरणार. ही आमच्यासाठी वाचायला आपल्याचकडे ठेवा."

निघताना बाई भाऊंना म्हणाल्या, "पुढल्या वैशाखात येते. फलक कुठल्या रंगाचा लावाल?"

"फलक लावणारच नाही," शशिकलाबाईंनी परस्पर सांगून टाकलं. "हे आदल्या दिवशी घरोघर जाऊन कुर्ते गोळा करतील."

आणि खरंच, यंदा भाऊंनी तेच केलं. वही तीच. गोल नाहीत, रेघा नाहीत, नुसती नावं आणि कोणाचा कुर्ता कोणता. भवानीबाईंनी इस्त्री केली आणि भाऊ चारच्या ठोक्याला दारोदार उभे राहिले. एकेचाळीस कुर्ते झाले.

तर मंडळी, गोष्ट इथं राहिली. आता दक्षिणा नको, नारळ नको, एवढं मागणं ऐका. घरी जाल, कपाट उघडाल, पांढरा कुर्ता किंवा पांढरं लुगडं हाताला लागेल, त्याची घडी सारखी कराल. तेव्हा क्षणभर थांबा आणि पीपलरावां गावच्या रघुजीची आठवण काढा. तो हाक मारत होता.